शनिवारची शेगडी

दीनाला मास्कमध्येच उलटी झाली. दीना माझी नणंद, तेव्हा सतरा वर्षांची. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली होती, तिथूनच आडवी झाली आणि रबराच्या त्या थोबाडातून घरघर ऐकू आली, तेव्हा आम्हाला कळलं. माझा नवरा शालोम दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. त्यानं सरकत येऊन तिचा मास्क ओढून काढला, सदऱ्याच्या बाहीनं तिचं तोंड पुसलं आणि तोच मास्क पुन्हा तिच्या तोंडावर चढवला. "गॅस आलाय," तो म्हणाला. "सगळ्यांनी पट्टे आवळा." मास्कमधून बोललं की आवाज मडक्यातून आल्यासारखा यायचा. सासूबाई भिंतीला टेकून मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, मनात प्रार्थना म्हणत असतील. माझं डोकं मुसळानं कांडल्यासारखं ठणकत होतं आणि पाय उचलू म्हटलं तर उचलत नव्हते. माझी मुलगी तीन आठवड्यांची होती. एवढ्या लहान मुलांना मास्क बसत नाही, म्हणून सरकारनं प्लास्टिकच्या पेट्या दिल्या होत्या, आतलं मूल दिसेल अशा. पेटीला बाहेरून आत जाणारी दोन हातमोज्यांसारखी भोकं होती. त्यात हात घालून आईनं मुलाला हाताळायचं, पण मुलाच्या अंगाला आपलं बोट लागायचं नाही. मी त्यात हात घालून तिचा पाय उचलला आणि सोडला. तो चिंधीसारखा खाली पडला. तिचे गाल लालबुंद झाले होते, आणि ती रडत नव्हती.

मी म्हटलं, "दार उघडा."

"वेड लागलंय तुला? उघडलं तर पाचही जण मरू."

"न उघडून काय होतंय ते बघा की."

तो दाराकडे परत गेला आणि पाठ टेकून बसला. त्याला मी दोष देत नाही. रेडिओवर हेच सांगत होते, की आम्ही सांगेपर्यंत कोणी खोलीबाहेर पडायचं नाही. त्यानं जन्मभर जे सांगितलं ते ऐकलं होतं, आधी आईचं आणि मग कारखान्यातल्या मुकादमाचं.

त्या खोलीत आम्ही कसे येऊन पडलो ते सांगायला हवं. मी अलिबागच्या बाजूची. मराठी चौथी झाल्यावर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि घरात कोंबड्या, म्हातारी आजी आणि दोन धाकट्या बहिणी होत्या. गावात आमची बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, बरीच घरं होती म्हणे, माझ्या आठवणीत तीनच. बाकीच्यांच्या दारांना कुलपं. बहिणी लग्न करून इस्राएलला गेल्या, मी बापाला सांभाळत राहिले. बाप गेला तेव्हा मी बत्तिशीची होते, आणि आमच्यातला लग्नाचा मुलगा पाच गावांत उरला नव्हता. मग येरुहामहून स्थळ आलं. येरुहाम म्हणजे काय, कुठं, मी विचारलं नाही. मुलगा कारखान्यात कायम आहे, दारू पीत नाही, आई आहे, एक बहीण आहे, असं कळलं. मी हो म्हटलं. लोक मोठं होण्याबद्दल लिहितात तेव्हा शाळेचं, झाडावरच्या कैऱ्यांचं लिहितात. माझं लहानपण बापाच्या खाटेपाशी कधी संपलं ते मला माहीत नाही, पण मोठी मी इथं येऊन झाले, तेहतिसाव्या वर्षी.

येरुहाम इस्राएलच्या दक्षिणेला, वाळवंटात आहे. वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या असं मला वाटत होतं. इथं तशी वाळू नव्हती, तपकिरी दगडगोटे होते आणि त्यावर वारा. घर तीन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर, चार मजली इमारतीत. अशा इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या ओळीनं उभ्या होत्या. सुरुवातीला मी दोनदा दुसऱ्याच्या जिन्यात शिरले. शालोम पहाटे कारखान्याच्या बसनं जायचा तो संध्याकाळी यायचा. बोलणारा माणूस नव्हता तो. जेवताना "मीठ दे" म्हणायचा, आणि कधी खुशीत असला तर "आज कोंबडी बरी झालीय." दीना शाळेत जायची. तिला मराठी पुरतं समजायचं, पण मी मराठीत विचारलं तर ती हिब्रूत उत्तर द्यायची आणि खोलीत निघून जायची. मला ते उत्तर आहे की शिवी हे कळायला वर्ष लागलं. मी हिब्रूच्या वर्गाला जात होते. मला त्या उलट्या दिशेनं लिहायच्या अक्षरांचा राग नव्हता, मजा वाटायची. पण दिवस गेल्याचं कळताच सासूबाईंनी वर्ग बंद केला. "पोटातलं पोर घेऊन चढ चढायचा नाय," त्या म्हणाल्या. "आणि शिकून कोणाशी बोलशील? मी हाय की घरात."

त्या होत्याच घरात. रिवकाबाई त्यांचं नाव. पंचवीस वर्षांपूर्वी नवरा आणि तीन मुलं घेऊन बोटीनं आल्या, चौथी दीना इथं झाली. नवरा लवकर गेला. मोठ्या दोघी मुली लग्न होऊन उत्तरेकडे. स्वयंपाकघर त्यांचं, कपाटाची किल्ली त्यांच्या कनवटीला, मकोलेतवाल्याशी, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याशी, बोलणं त्यांचं. मला एकटीला त्यांनी खाली पाठवलं नाही. "तुला पैसे कळायचे नायत," म्हणायच्या. तरी त्या वाईट होत्या असं मी लिहिणार नाही. वाईट माणसाशी भांडता येतं. त्या माझ्या ताटात सगळ्यांत चांगला मासा वाढायच्या आणि मग तो मी कसा खाते ते बघत बसायच्या.

एक गोष्ट मला हळूहळू कळली. गावी आम्ही कितीतरी रीतीभाती सोडून दिल्या होत्या. घरं कमी झाली, कोण कोणाला विचारणार? पण सासूबाईंनी कोकणातून निघताना जे बरोबर घेतलं ते तसंच झाकून ठेवलं होतं. मी अलिबागहून ताजी आलेली आणि त्या मला शिकवायच्या की अलिबागला काय करतात. मुलगा झाला तर बाळंतिणीनं चाळीस दिवस बाजूला बसायचं, मुलगी झाली तर ऐंशी. मला मुलगी झाली. बेर शेवा या जवळच्या शहरातल्या इस्पितळातून आणलं तेव्हा माझी खोली तयार होती. दीनाची खोली काढून मला दिली होती, आतल्या बाजूची, एकाच खिडकीची. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, चादर वेगळी. स्वयंपाकघरात पाऊल नाही, कशाला शिवायचं नाही. शालोम दारात उभा राहून मुलीला बघायचा आणि जायचा. ऐंशी दिवस. सव्वा महिन्याला माझी ना नव्हती, अंग दुखतंच. पण ऐंशी दिवस त्या खोलीच्या चार भिंती आणि समोरची तपकिरी टेकडी.

खाण्यापिण्याची मात्र चंगळ होती, हे सांगायलाच हवं. अळीव सासूबाईंनी कोणाकोणाकरवी मुंबईहून मागवून ठेवले होते. नारळाच्या दुधातली अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तांदळाची गरम भाकर, मिऱ्यांचा आणि हळदीचा कोंबडीचा रस्सा. सकाळी तेल लावून अंग रगडायच्या, हात लोखंडी. मग शेक. इथं शेगडी कुठून मिळायची? पण इस्राएलात लोक मैदानात बसून मांस भाजतात, त्यासाठी पत्र्याची लांबट चूल मिळते, तिला मंगल म्हणतात, आणि कोळशाच्या पिशव्या वाण्याकडेच असतात. सासूबाईंनी मंगल आणला, गॅलरीत कोळसे फुलवले आणि धूर निघून गेला की पलंगाशी आणून ठेवला. त्यावर ओवा, बाळंतशोपा, लोबान. हात शेकून पोरीच्या पोटाला, टाळूला लावायच्या. येरुहामला थंडीत हाडं वाजतात, त्यामुळे मला तो शेक आवडायचा. दार उघडं असायचं. म्हणून काही झालं नाही.

मग लढाई सुरू होणार असं सगळे बोलायला लागले. इराकवाला क्षेपणास्त्रं टाकेल, त्यात विषारी गॅस असेल. मास्क वाटले. प्रत्येक घरानं एक खोली बंद करायची होती, खिडकीला प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, भोंगा झाला की दार लावून त्यालाही पट्टी आणि खाली ओलं फडकं. कोणती खोली? एका खिडकीची, आतली. म्हणजे माझीच. शालोम स्टुलावर चढून पट्ट्या लावत होता, मी पलंगावरून बघत होते. तपकिरी टेकडीसुद्धा गेली. प्लास्टिकमधून नुसता पिवळट उजेड.

सासूबाई खूश झाल्या. "बरा झाला," म्हणाल्या. "आता बाळंतिणीला वारा लागायचा नाय."

"आय, हे गॅससाठी आहे," शालोम म्हणाला.

"असू दे रे. वारा पण येत नाय ना?"

दीनाला हसू आलं. तिनं हिब्रूत काहीतरी म्हटलं आणि आईनं तिला चिकटपट्टीचं भेंडोळं फेकून मारलं.

पहिला भोंगा झाला तेव्हा मंगल गॅलरीत विझलेला होता. आम्ही पाच जण माझ्या खोलीत बसलो, मास्क लावून, कुत्र्यांसारखी तोंडं घेऊन. मला गंमत वाटली की ऐंशी दिवसांची शिवाशिव एका भोंग्यानं मोडली. शालोम माझ्या पलंगावर टेकला होता. सोडल्याची सूचना आली आणि सासूबाईंनी सगळ्यांना बाहेर काढून पलंगाची चादर बदलली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी मंगल नेहमीपेक्षा जास्त भरला. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागल्यावर विस्तव पेटवायचा नाही, त्यात कोळसा घालायचा नाही, विझवायचा नाही. म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत एवढा कोळसा हवा की शनिवारची सकाळसुद्धा निघावी. काठोकाठ भरला, फुलवला, वर राखेचा जाड थर दिला आणि माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. असा राखेखाली झाकलेला विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहतो. कोकणात आमच्या आज्या हेच करत आल्या. पण कोकणातलं घर कौलांचं, कुडाच्या भिंतींचं, त्यातून उजेडसुद्धा येतो.

शब्बाथला रेडिओ लावत नाहीत, पण लढाईसाठी एक मुकं स्टेशन ठेवलं होतं. शुक्रवारीच लावून ठेवायचं, एरवी गप्प, भोंगा झाला की बोलणार. त्या सकाळी ते बोललं. सासूबाई डोक्याला रुमाल बांधत आल्या, दीना झोपेतच, शालोम अर्ध्या कपड्यांत. पोरीला मी पेटीत घातलं. शालोम दार लावता लावता थांबला आणि कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "आय, हे बाहेर ठेवू का?"

"शब्बाथला विस्तव उचलतोस? आणि पोर गारठंल."

"खोली बंद करायची आहे, धूर होईल."

"धूर कुठाय? दाखव मला धूर."

धूर नव्हताच. राखेचा ढीग शांत होता, वासही नव्हता. बाहेर दुसरा भोंगा सुरू झाला. शालोमनं दार लावलं, पट्टी मारली, फडकं दाबलं. एवढंच बोलणं झालं. मी काही बोलले नाही, कारण मला थंडी वाजत होती आणि तो शेक मला हवा होता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मुकं स्टेशन आता सारखं बोलत होतं आणि दीना हाताच्या खुणेनं थोडं थोडं सांगत होती, अजून बसा, अजून बसा. मग ती सांगायची थांबली. नंतरचं वर लिहिलं आहे.

शालोम पुन्हा दाराशी बसल्यावर मी पेटीत हात घालून पोरीला हलवत होते. तेवढ्यात मला आवाज आला. खाली राहणारी मोरोक्कोची मसूदा, जाडजूड, साठीची, तिनं इमारतीमागे चार कोंबड्या पाळल्या होत्या. नगरपालिकेचा माणूस येऊन ओरडून जायचा आणि ती त्याला अंडी द्यायची. त्या कोंबड्या दाणे टिपत होत्या. कोंबडी घाबरली की कशी ओरडते आणि दाणे मिळाल्यावर घशातल्या घशात कशी बोलते, हे मला कोणी शिकवायला नको. आणि दाणे आहेत म्हणजे ते टाकणारं माणूसही बाहेर आहे. गॅस जमिनीलगत येतो असं रेडिओच सांगत होता. मग खाली कोंबड्या जेवतात आणि वर माझी पोर मरते, हे कसं? याच्या पुढे मी विचार केला नाही. खोलीत काय आहे ते मला अजून कळलं नव्हतं. मला एवढंच कळलं की जे काही आहे ते आत आहे.

दाराशी शालोम होता, म्हणून मी खिडकीकडे गेले. गेले म्हणजे गुडघ्यांवर. प्लास्टिकला नखं लावली, ती निसटली. मास्क काढून फेकला आणि पट्टीची कड दातांत धरून ओढली. चिकटपट्टीचा कडवट गोंद अजून जिभेवर आठवतो. शालोमनं मागून माझी कंबर धरली. "वात झाला हिला," तो ओरडत होता. "आय, हिला बाळंतवात झाला, धर हिला." आयनं काही धरलं नाही. त्या भिंतीवरून घसरून एका कुशीवर पडल्या होत्या, आणि ते त्यानं बघितलं आणि त्याचे हात सुटले. प्लास्टिक फाटलं. काच सरकवली, पट्ट्यांचा पडदा वर ढकलला आणि थंड वारा तोंडावर आला. पेटीची चेन उघडून पोरीला काढलं आणि तिचं डोकं खिडकीबाहेर धरलं, दुसऱ्या मजल्यावरून.

खाली मसूदा घरातल्या झग्यावर उभी होती, हातात दाण्यांचं भांडं, मास्क खांद्याला पिशवीसारखा अडकवलेला. तिनं वर बघितलं. मला हिब्रूत "मदत" म्हणता येत होतं, पण त्या क्षणी काही आठवलं नाही. मी मराठीत म्हटलं, "बाय, वर ये." ती आली. भांडं तिथंच टाकून आली. तिनं बाहेरून दाराला खांदा दिला आणि आतून शालोमनं पट्टी सोडवली, तोपर्यंत तोही चार पायांवर होता. आम्हाला ओढून जिन्यात कोणी नेलं ते मला माहीत नाही, मसूदानंच नेलं असणार. जिन्यातल्या गार फरशीवर मी अनवाणी, बाळंतीण, विसाव्या-एकविसाव्या दिवशी, सगळ्या शेजाऱ्यांसमोर बसले होते, आणि पोरीनं माझ्या दंडावर एकदा उचकी दिली. मग बारीक रडली. मी आयुष्यात तेवढा कर्कश आणि तेवढा हवासा आवाज ऐकलेला नाही.

गाडीतून बेर शेवाला नेलं. आता पुढचं नीट वाचा, कारण पोरीचा जीव इथंही अडकला होता. इस्पितळात ते गॅसच्या माणसांची वाटच बघत होते. दारातच पोशाख घातलेली माणसं, पाण्याच्या नळ्या, सुया तयार. गॅस लागलेल्याला देतात ते इंजेक्शन वेगळं असतं, ज्याला गॅस लागला नाही त्याला ते बाधतं, तान्ह्याला तर फारच. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त बघत होते की नर्स सुई घेऊन माझ्या पोरीकडे येते आहे. शालोम "गॅस, गॅस" म्हणत होता. सासूबाई शुद्धीवर आल्या होत्या, त्याही मान हलवून "गॅस" म्हणाल्या. डॉक्टर रशियाहून नवा आलेला होता, त्याची हिब्रू बरीच मोडकी होती. त्यानं काहीतरी विचारलं आणि आमच्या तोंडांकडे बघत राहिला.

मी दीनाला म्हटलं, "काय विचारतोय?"

ती हिब्रूतच काहीतरी पुटपुटली.

"दीना, मराठीत सांग."

"घरात काही जळत होतं का, विचारतोय," ती मराठीत म्हणाली. मला वाटतं ते तिचं माझ्याशी पहिलं मराठी वाक्य.

गाडीत थंड हवा लागल्यापासून माझ्या डोक्यात कोपऱ्यातला मंगल होता. मी म्हटलं, "सांग त्याला. कोळसे होते."

सासूबाईंनी पलंगावरून हात वर केला. "काय गो बोलतेस? घरातला भायेर सांगतेस? चार बाळंतपणं केली मी शेगडीवर, कोण मेला?"

"आय, पोर मरंल आता," मी म्हटलं. तोवर मी त्यांना उलट बोलले नव्हते. "दीना, सांग."

दीनानं आईकडे बघितलं. आई तिच्याकडे बघत होती. शालोम जमिनीकडे. नर्सनं पोरीची मांडी उघडी केली होती. दीना डॉक्टरकडे वळून दोनच शब्द बोलली, "मंगल. बाहेदेर." खोलीत मंगल. ते कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरनं नर्सचं मनगट धरलं. मग सगळेच धावले, पण दुसऱ्या दिशेला. बंद खोलीत कोळशाचा बिनवासाचा वायू आम्हाला बाधला होता, मास्क त्याला अडवत नाही, म्हणून आम्हाला प्राणवायू लावला. पोरीला पुन्हा एका पारदर्शक पेटीत घातलं, पण या पेटीत माझा हात जात होता, नुसता, काहीही मध्ये न येता. नर्स जाताना दीनाला काहीतरी म्हणाली. नंतर मी विचारलं तेव्हा दीना म्हणाली, "ती विचारत होती, लढाईत आणि तेही शब्बाथला मांस कोण भाजत होतं."

आम्ही दोन दिवसांनी घरी आलो. खोली पुन्हा बंद करायची होती, लढाई चालूच होती. शालोमनं नवं प्लास्टिक आणलं आणि मी पलंगावरून न बघता स्टूल धरायला उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "बस तू, शिवू नको." मी बसले नाही. त्यांनी शालोमकडे बघितलं, त्यानं तोंडात चिकटपट्टी धरली होती, तो बोलू शकला नाही की बोलायचं नव्हतं, मला माहीत नाही. मंगल मी स्वतः उचलून खाली नेला आणि मसूदाला दिला. तिनं त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं. त्यानंतर जितके भोंगे झाले तितक्या वेळा मी त्याच खोलीत गेले. दुसरी खोली नव्हतीच, आणि क्षेपणास्त्रं खरी होती. पण दाराला पाठ लावून मी बसायची. शालोम एकदा तिथं बसायला लागला तेव्हा मी म्हटलं, "उठा." तो उठला.

ऐंशी दिवस मात्र पुरे करावे लागले. हे मी लपवणार नाही, कारण वाचणाऱ्याला वाटेल की एक खिडकी फोडली आणि सगळं मोकळं झालं. ताट वेगळंच राहिलं. जीव वाचले म्हणून सासूबाईंनी एलियाहू हन्नाबीचा, आमच्या संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, ताटात सब्जाची काडी. आमच्यातली येरुहामची सगळी घरं आली, शेजारच्या दिमोना गावाहूनही आली. बाहेर प्रार्थना चालली होती आणि ज्यांच्या जिवासाठी चालली होती त्या आम्ही दोघी आत बसलो होतो, कारण आमचे दिवस भरले नव्हते. दारातून मला सासूबाई दिसत होत्या. पाहुण्यांना सांगत होत्या की सद्दामचा गॅस कसा आमच्याच घरात शिरला, कसा गोड वास येत होता, आणि सून कशी मुलीला घेऊन खिडकीत धावली. बायका गालावर हात ठेवून ऐकत होत्या. दीना माझ्या ताटलीत मलिदा घेऊन आली, दारात न ठेवता आत येऊन माझ्या हातात दिला आणि पलंगावर बसली. "इमा खोटारडी आहे," ती आईबद्दल म्हणाली. मराठीत.

"असू दे," मी म्हटलं. "नारळ कमी पडलाय."

आता नव्या घरांत सिमेंटची जाड खोलीच बांधून देतात, लोखंडी दाराची. किर्यात गात शहरात माझ्या मुलीच्या घरी ती आहे. ती तिथं इस्त्रीचे कपडे ठेवते आणि पाहुणे आले की त्यांना तिथं झोपवते. मला नाही. मी गेले की ती बाहेर दिवाणखान्यात माझं अंथरूण घालते, विचारत नाही. भोंगा झाला तर मी आत जाते, हट्ट करत नाही. लोखंडी दार लावलं की माझी बोटं आपोआप चौकटीवरून फिरतात, फट कुठं आहे ते बघतात. नातवंडं हसतात. ती हिब्रूत हसतात आणि मी मराठीत रागावते, आणि तेवढं आम्हाला एकमेकांचं पुरतं.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या आणि म्हातारपणानं गेल्या, शेवटपर्यंत गॅस सद्दामचाच होता. शालोम निवृत्त होऊन चार वर्षांनी हृदयविकारानं गेला. दीना बेर शेवात शिक्षिका आहे आणि आठवड्यातून एकदा फोन करते. माझ्या मुलीचं नाव लेया. त्या शनिवारी खोलीत सासूबाई, शालोम, दीना, लेया आणि मी होतो. पाचही जण जिवंत बाहेर आलो.